पेन्शन विकावी की पूर्ण घ्यावी? निवृत्तीला आलेल्या पोलिसांसाठी

हा हिशेब 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी महाराष्ट्र पोलिसांत भरती झालेल्यांसाठी आहे. ग्रॅच्युइटी, रजा रोखीकरण ठरल्याप्रमाणे मिळते. विचार करायचा तो पेन्शन विकण्याचा, म्हणजे अंशराशीकरणाचा.

शेवटचे मूळ वेतन 60,000, तर पेन्शन 30,000. तिचे 40 टक्के म्हणजे 12,000 विकले, तर 58व्या वर्षी 8.371 या गुणकाने (12,000 × 12 महिने × 8.371) 12,05,424 रुपये एकरकमी येतात, तेही आयकर न लागता. हाती 18,000 उरतात, पण महागाई वाढ 30,000 वरच मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनाला धक्का नाही आणि पेन्शनर मध्येच गेला, तर उरलेली कपात घरच्यांकडून वसूल होत नाही. पोलीस लाइनीतली खोली सोडून घर घ्यायचे असेल, तर ही रक्कम मोठा आधार आहे.

आता दुसरी बाजू. कपात 15 वर्षे चालते. मुद्दल साडेआठ वर्षांच्या आत वळते होते. व्याज धरून हे साधारण 8.7 टक्क्यांचे कर्ज पडते. दर तसा वाईट नाही. खटकते ते हे, की ते मुदतीआधी फेडताच येत नाही. गृहकर्ज पैसे आले की मिटवता येते. इथे गावची जमीन विकून हातात पैसा आला, तरी दर महिन्याचे 12,000 जातातच. मी माझ्या अर्जात 40 टक्के लिहिले नाहीत, ते एवढ्याचसाठी.

रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकू म्हणाल, तर 8.2 टक्के दराने 12 लाखांवर तिमाहीला 24,600, म्हणजे महिन्याला 8,200 मिळतात. मुद्दल शाबूत राहते खरे, पण घरखर्चात 3,800 ची खोट येते. साठीच्या आत खाते काढायचे, तर पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांतच, हेही लक्षात ठेवा.

चौकशी किंवा कोर्टात खटला चालू असेल, तर तो मिटेपर्यंत पेन्शन विकता येत नाही. तेव्हा या पैशाच्या भरवशावर बिल्डरला तारीख देऊ नका.

40 ही कमाल मर्यादा आहे, पण फॉर्म भरणारा लिपिक बऱ्याचदा न विचारताच 40 लिहितो. देणे पाच लाखांचे असेल, तर 17 टक्के पुरतात: 5,12,305 रुपये येतात आणि कपात फक्त 5,100. माझ्या मते देण्यापुरतेच विकावे. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला, तरी वैद्यकीय तपासणी लागत नाही, त्यामुळे घराचा व्यवहार पक्का होईपर्यंत थांबायला हरकत नसावी. सीपीओची, म्हणजे विकलेल्या पेन्शनची रक्कम देण्याच्या आदेशाची प्रत मात्र जपा. कपात कोणत्या महिन्यापासून लागली ते त्यावर लिहून ठेवा, कारण 15 वर्षांनी कोषागारात पूर्ण पेन्शन मागायला जाताना तोच महिना विचारला जातो.