एक्सेल हँग झालं आणि ६०,३४७ रुपये गेले

१,४९९. मग ८,८५०. मग २४,९९९ आणि लगेच पुन्हा २४,९९९. बेरीज ६०,३४७ रुपये. हे पैसे लॉटरीच्या किंवा दामदुप्पट योजनेच्या नादात गेलेले नाहीत. एक्सेल हँग झालं म्हणून गेले. हे आधीच सांगते, कारण ज्यांना ज्यांना ही गोष्ट कळली त्यांचा पहिला प्रश्न "कशाच्या मोहात पडलीस?" असाच होता. मोह कसला? मला माझी फाइल उघडून हवी होती, बस्स.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाखाली फोनवरून लुबाडणाऱ्या टोळ्या कशा चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते पुराण मी लावत नाही. पण प्रत्येक सूचनेत, प्रत्येक जाहिरातीत एकच सांगतात: अनोळखी फोन उचलू नका. इथे फोन त्यांनी केलाच नव्हता. फोन मी लावला होता. सर्चमध्ये "एक्सेल नॉट रिस्पाँडिंग" टाकलं, सगळ्यात वर हेल्पलाइन नंबर आला, ओळखीच्या लोगोसकट. त्या ओळीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलं होतं म्हणे. काम अडलेलं, हिशेब त्याच संध्याकाळी द्यायचा, समोर स्क्रीन पांढुरकी पडलेली, तेव्हा ते बारीक अक्षर कोण वाचतं? पैसे देणाऱ्याला सगळ्यात वर बसवायचं आणि तो कोण आहे हे धड बघायचं नाही, ही कुठली पद्धत? यापुढे मदतीचा नंबर सर्चमधून घेऊ नका. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथूनच घ्या.

फोन उचलणारा माणूस इतका नम्र, इतका शांत, की माझ्या बँकेत आजवर कोणी माझ्याशी तसं बोललेलं नाही. "मॅडम, घाबरू नका, मी आहे ना." मग त्याने विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगितलं, छोटी चौकट आली, त्यात एक शब्द टाइप करायला लावला आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, म्हणजे विंडोज स्वतःच्या बारीकसारीक नोंदी ठेवतं ती खिडकी. समोर लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण, खालपर्यंत संपेचनात. "मॅडम, मोजा बरं किती एरर आहेत." मी मोजायला लागले आणि मोजता मोजता पोटात गोळा आला.

हे नीट वाचा. ती लाल-पिवळी यादी विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर असते. कालच विकत आणलेल्या मशीनवरही असते. सिस्टिमच्या यादीत "डिस्ट्रिब्युटेड कॉम" या विंडोजच्या अंतर्गत भागाची १००१६ नंबरची नोंद ढिगाने दिसते आणि ती बिनदिक्कत सोडून द्या असं खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलंय. माझ्या कामाची नोंद त्याच खिडकीत, ॲप्लिकेशनच्या यादीत होती: "ॲप्लिकेशन हँग", नंबर १००२. कुठला प्रोग्रॅम अडकला ते त्या नोंदीत नावासकट असतं. त्याने मला ती दाखवलीच नाही. का दाखवेल?

मी तरी लगेच भुलले नव्हते. "तुम्ही खरेच कंपनीचे कशावरून?" असं मी स्पष्ट विचारलं. त्यावर त्याने काळी कमांड विंडो उघडायला लावली आणि "असॉक" असं टाइप करून एंटर मारायला सांगितलं. भराभर ओळी धावल्या आणि शेवटी शेवटी एक लांबलचक नंबर आला. "हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, मॅडम. आमच्या रेकॉर्डमध्ये आहे, मी वाचतो, तुम्ही जुळवून बघा." आणि त्याने वाचला. ८८८डीसीए६०, पुढे एफसी०ए, पुढे ११सीएफ. अक्षर न अक्षर जुळलं. आता सांगा, माझा नंबर न बघता कोणी मला वाचून दाखवला तर मी विश्वास ठेवू नको तर काय करू?

तो नंबर माझा नव्हताच. तो जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच असतो. फाइलवर राइट क्लिक केल्यावर "सेंड टू" येतं ना, त्यातल्या एका सोयीची ती अंतर्गत ओळख आहे. त्या भामट्याला तो तोंडपाठ होता इतकंच. घरात दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्यावर हेच करून बघा, तोच नंबर येईल. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर फोन तिथेच आपटला असता.

नंबर जुळला म्हटल्यावर मी त्याचं रिमोट ॲप, म्हणजे त्याला लांबून माझा कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप, घेतलं आणि त्यातला कोड सांगितला. कर्सर आपोआप हलायला लागला. मग त्याने "डीप स्कॅन" केला. आणि इथे मी जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही. काळ्या खिडकीत त्याने "ट्री" असा चार अक्षरी शब्द टाकला. ती कमांड फक्त फोल्डरांची नावं झाडासारखी छापत जाते, बाकी काही करत नाही. पण नावं इतक्या वेगाने वर सरकतात की काहीतरी भयंकर शोधाशोध चाललीय असंच वाटतं. सरकणं थांबलं. आणि सगळ्यात खाली, जिथे आपण कमांड टाइप करतो तिथे, इंग्रजीत अक्षरं उमटू लागली: "व्हायरस फाउंड, सिक्युरिटी एक्स्पायर्ड". उमटू लागली म्हणजे एकदम नाही. एकेक. व्ही, आय, आर. "एक्स्पायर्ड"मध्ये एक अक्षर चुकलं, कर्सर मागे गेला, ते खोडलं गेलं आणि बरोबर अक्षर आलं.

मशीन स्पेलिंग चुकवून मागे जाऊन दुरुस्त करतं का? स्कॅनचा निकाल असा बोटांनी टायपावा लागतो का? मी ते खोडणं या डोळ्यांनी पाहिलं. कर्सर मागे गेलेला पाहिला. एक क्षण काहीतरी खटकलंसुद्धा. पण त्याच क्षणी तो बोलायला लागला, आवाज चढवून: "मॅडम, हे बघा, हे फार सीरियस आहे, तुमचं बँकेचं सगळं यातच आहे ना?" त्या माणसाला ठाऊक होतं कधी बोलायचं. विचार करायला मोकळी जागाच ठेवायची नाही, हीच त्यांची सगळी विद्या. म्हणून सांगते, फोनवरचा माणूस सतत बोलत असेल, एक मिनिट शांत राहू देत नसेल, तर फोन ठेवा. खरा कारागीर काम करताना गप्प असतो.

१,४९९ रुपये तपासणीचे. ते दिल्यावर "तीन वर्षांचं संरक्षण", ८,८५० रुपये. पावती आली, बिल नंबरासकट. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मी माझ्याच कीबोर्डवर टाइप केले, तो पलीकडून बघत होता. मग स्क्रीन पूर्ण काळी. "सफाई चालू आहे, माउसला हात लावू नका, फोन कानापासून काढू नका, लाइन तुटली तर सगळं पुन्हा करावं लागेल." मी फोन कानाला लावून बसले. फोन कानाशी थरथरला. पुन्हा थरथरला. "टेस्ट मेसेज आहेत, मॅडम." ते २४,९९९चे दोन मेसेज होते.

ओटीपी मी कोणालाही दिलेला नाही. हे मी बँकेत सांगून थकले, पोलिसांत सांगून थकले, इथे पुन्हा लिहिते. कामाच्या सोयीसाठी माझ्या फोनवरचे मेसेज कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडे असतात. अनेकांचे असतात. स्क्रीन माझ्यासाठी काळी होती, त्याच्यासाठी नव्हती. त्याने तिथूनच वाचले. तुमचेही मेसेज असे कॉम्प्युटरवर उघडे असतील तर आत्ता, हे वाचता वाचता, बंद करा. दुसऱ्याचा हात मशीनवर आला की त्या ओटीपीला काडीचा अर्थ उरत नाही.

आणि बँकेचं एकच पालुपद. "मॅडम, ओटीपी दिल्याशिवाय व्यवहार होत नाही." अहो, पण मेसेज आरशासारखा कॉम्प्युटरवर दिसतो. "नाही, सिस्टिममध्ये ग्राहकाची मंजुरी दिसतेय." सिस्टिममध्ये! ग्राहक सेवेला फोन केला तर आधी भाषा निवडा, मग कार्डाचे शेवटचे आकडे टाका, मग कर्जाची जाहिरात ऐका, मग संगीत. माझे पैसे त्या क्षणी कुठून कुठे पळत होते देव जाणे आणि माझ्या कानात कर्जाची जाहिरात! शाखेत गेले तर म्हणाले, आधी पोलीस तक्रारीची प्रत आणा. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही, सायबरला जा. सायबरला गेले तर बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट हवं. बँकेत शिक्का मारणारे साहेब जागेवर नाहीत. शिक्का! ज्या बँकेला सेकंदात २४,९९९ रुपये दोनदा सोडता येतात, तिला कागदावर शिक्का मारायला माणूस सापडत नाही?

आणि तिथला तो प्रश्न, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने: "ॲप तुम्हीच घेतलं ना? मग?" मग काय? दार वाजवणारा मीटर तपासायला आलोय म्हणाला, ओळखपत्र दाखवलं, म्हणून आत घेतला आणि त्याने कपाट फोडलं, तर चोरी माझी? फॉर्ममध्ये फसवणुकीचा प्रकार निवडायचा होता. माझ्या बाबतीत घडलं ते त्या यादीत बसतच नव्हतं. टेबलापलीकडचे म्हणाले, "काहीही टाका हो." काहीही टाका! शेवटी बँकेचं पत्र आलं, दोन ओळींचं: ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला व्यवहार, तक्रार बंद. कोणी कॉम्प्युटर बघायला मागितला नाही. कोणी ते ॲप, त्या रिमोट जोडणीची वेळ, काही काही बघितलं नाही. पुरावा टेबलावर ठेवून मी उभी होते.

त्यामुळे तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा, कारण तो कोणी सांगत नाही. आधी इंटरनेटची वायर उपटा किंवा वाय-फाय बंद करा. तोंडाने "थांबा, थांबा" म्हणत बसू नका. मग कार्ड ब्लॉक करा, बँकेच्या ॲपमधून, पण दुसऱ्या फोनवरून. मग लगेच १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत गोठवता आले तरच काही हाती लागतं. शाखा, शिक्के, अर्ज हे सगळं त्यानंतर. पासवर्ड बदलायचे ते वेगळ्या मशीनवरून. आणि रिमोट ॲप नुसतं बंद करून भागत नाही, तुम्ही समोर नसताना आत यायची परवानगीही त्याने त्यात लावून ठेवलेली असू शकते, तेव्हा ते मुळापासून काढून टाका.

आता ज्यावरून हे घडलं त्या हँगबद्दल. खिडकी पाच सेकंद उत्तर देत नाही असं दिसलं की विंडोज तिच्यावर पांढुरका पडदा टाकतं आणि वर "नॉट रिस्पाँडिंग" लिहितं. पाच सेकंद! प्रोग्रॅम मेला असा त्याचा अर्थ नाही, कधी कधी तो नुसता कशाची तरी वाट बघत असतो. मोठी फाइल असेल तर थोडं थांबावं. नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर येतं. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना टेकलाय का बघा. अडकलेल्या प्रोग्रॅमवर क्लिक करून "एंड टास्क". कंट्रोल दाबून धरून एक्सेल उघडलं तर ते सेफ मोडमध्ये यायचं का विचारतं, हो म्हणा. तिथे सुरळीत चाललं तर दोष बहुतेक कुठल्यातरी ॲड-इनचा, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा. पूर्ण स्क्रीनभर इशारा आणि फोन नंबर झळकत असेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच मारा, आणि पुन्हा उघडताना आधीची पानं परत आणू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. कधीच.

माझ्या एक्सेलला काय झालं होतं? मैत्रिणीच्या मुलाने बघितलं. कधीच मोडीत काढलेला नेटवर्क प्रिंटर अजून डीफॉल्ट म्हणून तसाच होता. एक्सेल पानाची मांडणी ठरवायला डीफॉल्ट प्रिंटरकडे विचारणा करतं, तो प्रिंटर जगात नाही, म्हणून ते उत्तराची वाट बघत लटकलेलं. त्याने सेटिंगमध्ये जाऊन दुसरा प्रिंटर निवडला. फाइल उघडली. चहा घे म्हटलं तर "काही केलंच नाही, मावशी" म्हणून निघून गेला. आणि त्या हरामखोरांनी ६०,३४७ रुपये घेऊन तो प्रिंटर होता तिथेच ठेवला होता!

एक आणखी. तक्रार बंद झाल्यावर मला फोन आला, "फसवणूक परतावा विभाग" म्हणे. २,००० रुपये प्रक्रिया शुल्क भरा, सगळी रक्कम परत मिळेल. बोलणारी बाई होती, तितकीच नम्र. तिने माझ्या ८,८५०च्या पावतीवरचा बिल नंबर वाचून दाखवला. तो नंबर मी पोलिसांत आणि बँकेत दिला होता, त्याखेरीज तो ठाऊक होता फक्त त्यांना, ज्यांनी ती पावती बनवली. मी म्हटलं, वाचा पुन्हा, हळू वाचा. तिने वाचला. मी दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून घेतला, तिचा नंबर लिहून घेतला आणि दोन्ही तक्रारीला जोडायला नेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "यात पैसे गेले का?" नाही म्हटलं. "मग कशाला आलात?"