घरगुती चेन सॉ मिल: फणसाच्या फळ्या आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस दारात असताना, चेन सॉ मिलच्या, म्हणजे ओंडक्याच्या फळ्या पाडायला चेन सॉला लावतात त्या फ्रेमच्या, उजव्या खांबाचा बोल्ट अर्ध्या कापात सैल झाला. फणसाच्या ओंडक्यातली मधली, सगळ्यांत रुंद फळी एका कडेला ५० मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला ३८ अशी निघाली. ही फळी आम्ही दर्शनी दारासाठी धरून ठेवली होती. आमच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारानं, तिच्यावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "ही म्हज्या कामाची न्हय." त्या बोल्टाबद्दल लिहायचं म्हणूनच बसलो आहे, बाकीचं ओघानं येईल.

सेटची माहिती सगळीकडे मिळते, ती पुन्हा देत नाही. माझ्याकडे ३६ इंची फ्रेम, ७२ सीसीची चेन सॉ आणि २८ इंची बार, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती पट्टी, आहे. बार फ्रेमच्या क्लॅम्पमध्ये अडकवायचा असतो, त्यात काही इंच जातातच. प्रत्यक्षात मला २३ इंचांपेक्षा रुंद काप मिळत नाही. डब्यावरचा ३६ हा आकडा फ्रेमचा आहे, फळीचा नाही, हे ध्यानात घेऊन पैसे मोजा.

ओंडका सरळ सॉमिलवर का नेला नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. आमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, गोव्यातल्या सत्तरीत, ओहोळाच्या पलीकडे आहे. मागच्या पावसाळ्यात वाऱ्यानं जुना फणस पोफळींवर आडवा झाला. अडीच मीटर लांब आणि दोन फूट जाड ओला ओंडका सहा-सातशे किलोंच्या घरात जातो. तो उचलायला क्रेन आणायची तर पोफळींच्या दोन ओळी आणि शिंपण्याचा पाट मोडावा लागला असता. लाकडाच्या व्यापाऱ्यानं जागेवर तुकडे करून जळणाच्या भावानं मागितला. आजोबांच्या वेळचा फणस, त्याच्या गाभ्याला वाळवीसुद्धा सहज तोंड लावत नाही, आणि भाव जळणाचा! मी त्याला नाही म्हटलं आणि ओंडक्यापाशी मिल न्यायची ठरवली. चेन सॉ मिलचा सगळ्यांत मोठा गुण हाच, की ती खांद्यावरून नेता येते. फ्रेम एकानं, मशीन दुसऱ्यानं, पेट्रोलचा कॅन आणि पाचरी तिसऱ्यानं.

बँड सॉ मिलचाही विचार झाला होता. तिचा काप दोन-तीन मिलिमीटरचा, भुसा कमी, फळी जास्त. पण सर्वोच्च न्यायालयाच्या, जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन खटल्यातल्या १९९६ च्या आदेशापासून आरा गिरण्यांवर देशभर कडक नजर आहे. घरच्या अंगणात बँड सॉ बसवायची म्हटली की आधी परवान्याचा प्रश्न येतो. चेन सॉ घेतली म्हणून झाडाचे नियम सुटतात असंही नाही. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. आमचं झाड आपणहून पडलं होतं, तरी वनखात्याच्या रेंज ऑफिसात अर्ज दिला, त्यांना जागा दाखवली आणि मगच मशीन लावलं. फळ्या टेंपोतून बाहेर न्यायच्या असतील तर त्याचंही तिथेच विचारून घ्या.

पहिला काप सगळ्यांत महत्त्वाचा. गोल ओंडक्यावर फ्रेम टेकायला सपाट जागा नसते, म्हणून वर दोन सरळ पट्ट्या किंवा ॲल्युमिनियमची शिडी ठोकतात. शिडी पाणसळीत बसली नाही तर तोच पीळ पुढच्या प्रत्येक फळीत उतरतो, कारण दुसरा काप पहिल्याच्या आधारानं जातो. आम्ही शिडीला आणि स्क्रूंना भरपूर वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला. ओंडक्याचं एक टोक थोडं उंच ठेवून उताराच्या दिशेनं कापलं तर मशीन आपल्या वजनानं पुढं सरकतं, पाठ वाचते. मागून कापात पाचरी मारत जायचं, नाहीतर वरची फळी बसते आणि बार अडकतो. आणि कापण्यापूर्वी सालीवर खिळे शोधा. आमच्या फणसाला कोणे एके काळी कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती. लोहचुंबक फिरवला म्हणून ती सापडली, नाहीतर साखळी पहिल्याच दिवशी गेली असती.

आता बोल्ट.

फ्रेमला दोन उभे खांब आहेत. त्यांवर जाडीचे आकडे कोरलेले आहेत आणि बार वर-खाली करून हवी ती जाडी धरता येते. धरलेली जाडी जागेवर राहते ती प्रत्येक खांबावरच्या एका क्लॅम्पमुळे, आणि तो क्लॅम्प आवळतो एक आठ मिलिमीटरचा बोल्ट. दोन खांब, दोन बोल्ट. बाकी सगळा सेट त्यांच्यावर उभा आहे. चेन सॉची थरथर हाताला किती लागते हे वापरणाऱ्याला ठाऊक आहे, आणि ती सगळी थरथर या दोन बोल्टांत उतरते. कंपनीनं तिथे साधा बोल्ट, साधा वायसर आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये पाडलेले आटे दिले आहेत. स्प्रिंग वायसर नाही, नायलॉनचा नट नाही. मी प्रत्येक कापाआधी पाना लावून बोल्ट आवळत होतो, आणि तेच आवळणं ॲल्युमिनियमच्या आट्यांना खात होतं. मेमध्ये उजव्या बाजूचे आटे पूर्ण गेले. बोल्ट फिरतो, पण धरत नाही.

फ्रेमची कापाची रुंदी, मशीनची ताकद, पेट्रोलचा खर्च यावर लोक पानंच्या पानं लिहितात. जाडी धरणाऱ्या या बोल्टावर मला कुठेही ओळ सापडली नाही. फळीची जाडी एकसारखी राहिली नाही तर ती फळी नव्हे, जळणच. रंध्यानं १२ मिलिमीटरचा फरक काढायचा म्हणजे पन्नासाची फळी अडतिसाची करायची, आणि दाराला अडतीस पुरत नाही.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. बरं, मग विकत द्या. सुटा क्लॅम्प मिळत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागेल. मी त्याला फोटो पाठवले, बिल पाठवलं, आटे गेलेल्या भागाचा व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी तेच उत्तर आलं, फक्त दुसऱ्या माणसाकडून. पाव किलोच्या तुकड्यासाठी मी हजारो रुपयांचा सेट पुन्हा घ्यायचा, हा हिशोब मला पटला नाही आणि अजूनही पटत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जूनचा अख्खा महिना फोनाफोनीत गेला.

इथवरचं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं. तेव्हा शेवटची ओळ होती, "हा सेट घेऊ नका." ती आता नोव्हेंबरमध्ये काढली आहे, कारण मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे बोल्टाचं निघालं. डिचोलीतल्या एका लेथवाल्याकडे क्लॅम्प नेला. त्यानं गेलेले आटे काढून भोक मोठं केलं, आत स्टीलची बुशी, म्हणजे छोटी पोकळ नळी, बसवली आणि तिच्यात नवे आटे पाडले. त्यावर स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि स्प्रिंग वायसर. डाव्या बाजूलाही तेच करून घेतलं. सगळं मिळून खर्च सेटच्या किमतीच्या मानानं अगदी किरकोळ आला. पाऊस ओसरल्यावर आंब्याचा एक मोठा ओंडका त्या बोल्टांवर कापला. कापाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कॅलिपर लावून बघितलं, फरक मिलिमीटरच्या आत. तक्रारीनंतर दुकानदाराकडूनही दोन नवे क्लॅम्प आले, बिनपैशाचे. दिले त्याबद्दल आभार. पण आटे तसेच, मऊ ॲल्युमिनियमचे. ते मी जपून ठेवले आहेत, लावलेले नाहीत.

दुसरी गोष्ट साखळीची. मशीनसोबत येते ती आडवं कापायची साखळी, तिच्या दातांचा कोन ३० अंशांच्या आसपास. फळ्या पाडताना आपण लाकडाच्या नसेच्या बाजूनं कापतो, त्याला १० अंशांची, म्हणजे जवळपास सरळ धार लागते. रिपिंग चेन वेगळी मिळते, नाहीतर जुनी साखळी कानशीनं हळूहळू त्या कोनावर आणता येते. मी दुसरा मार्ग घेतला. ५.५ मिलिमीटरची गोल कानस, एक जुना पाट आणि पडवीतली सकाळ. प्रत्येक दाताला सारखेच घाव द्यायचे, उजवीकडचे सगळे दात आधी, मग डावीकडचे. एका बाजूचे दात लांब राहिले तर बार तिकडे ओढतो आणि फळीत पोट येतं. दातापुढचा उंचवटाही बघायचा, दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. त्यापेक्षा वर असला तर साखळी नुसती घासते, जास्तच खाली गेला तर मशीन हिसके देतं. धार उतरली की भुसा सांगतो: दाणेदार पडत होता तो पिठासारखा पडायला लागतो आणि कापातून जळका वास येतो. असा वास आला की कापायचं थांबवून कानस घ्यावी. बोथट साखळीनं रेटून कापलं की पेट्रोल दुप्पट जातं आणि पाठ मोडते ती वेगळीच.

नव्या कोनानं फळीच्या अंगावरच्या रेघा निम्म्याच उरल्या. मेस्तांचा रंधा आता दोन-तीन फेऱ्यांत पृष्ठभाग गुळगुळीत करतो.

पेट्रोलचं सांगायचं तर टाकी पाऊण लिटरची, आणि फणसाच्या रुंद कापात टाकीमागे दोन-तीन फळ्या. बारचं तेल वेगळं. आणि सगळ्यांत जास्त जीव जळतो तो भुशावर. चेन सॉचा काप आठ-नऊ मिलिमीटरचा असतो. सहा काप घेतले की पाच सेंटिमीटर लाकूड भुसा होऊन जातं, म्हणजे इंची जाडीच्या दोन फळ्या. त्यावर उपाय नाही. म्हणून पातळ फळ्या पाडायच्याच नाहीत. मी दीड ते दोन इंचांच्या जाड फळ्या काढतो आणि पातळ हवी असेल तर वाळल्यावर मेस्तांच्या टेबल सॉवर चिरून घेतो. भुशात तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे तो गोठ्यातही घालता येत नाही.

वाळवणं हा मिलपेक्षा मोठा विषय आहे, आणि गोव्यात तर फारच. इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. आमच्याकडे जानेवारी ते मे लाकूड झपाट्यानं सुकतं आणि जून लागला की हवेतलं पाणी परत पितं. मॉइश्चर मीटर लावला तेव्हा मेमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास दिसणाऱ्या फळ्या ऑगस्टमध्ये १७-१८ दाखवत होत्या. आम्ही फळ्या गोठ्याच्या माळ्यावर रचल्या, दर दीड फुटावर इंचभर जाडीच्या सारख्या पट्ट्या, पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. टोकांना कापल्या दिवशीच जाड ऑइल पेंट, कारण टोकातून पाणी लवकर जातं आणि भेगा तिथूनच धावतात. वरून दगड. गाभ्याचा बारीक गोल जिच्यात येतो ती फळी हमखास फुटते, ती दाराला धरू नका. मी तिचे चौकटीसाठी तुकडे केले.

फणस आणि आंबा यांत फरक फार. फणसाचं आतलं लाकूड कापल्याबरोबर हळदीसारखं पिवळं दिसतं, मग महिन्यागणिक तपकिरी होत जातं, आणि टिकतं. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र किडा खातो, ते कापून टाकलेलं बरं. आंब्याला पाऊस सुरू व्हायच्या आत सुकवलं नाही तर निळसर डाग पडतात आणि बारीक भोकं दिसू लागतात. त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी कापल्या दिवशीच मारावं लागतं. आंब्याचा ओंडका पडून ठेवण्यासारखा नाहीच, कापायचं तर आठवड्याच्या आत.

जानेवारीतल्या फणसाच्या फळ्यांतून या चवथीला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, नवी चौकट आणि जेवणाचे पाट झाले. पाटांवर मेस्तांनी तेल चोळलं तेव्हा लाकडाच्या लाटा अशा उठल्या की आईनं त्यांवर कुणाला बसू द्यायचं की नाही यावर बराच वेळ विचार केला. दर्शनी दार राहिलंय. त्याला पुरेशा जाड फळ्या दुसऱ्या ओंडक्यातून निघाल्या आहेत, पण त्या अजून एक उन्हाळा माळ्यावरच राहतील.

कानांना मफ लावल्याशिवाय आणि डोळ्यांना चष्मा घातल्याशिवाय हे मशीन चालवू नका. हा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. बंद शेडमध्येही चालवू नका, टू-स्ट्रोकचा धूर डोक्यात जातो.

घ्यावा का? कुळागरात पडलेला फणस, किंदळ किंवा आंबा जागेवरच फळ्या करायचा असेल तर घ्यावा. फक्त सेट हातात आल्या दिवशी, पहिला काप घेण्याआधी, दोन्ही क्लॅम्प काढून लेथवाल्याकडे न्या. त्याला सांगा: स्टीलची बुशी, आठ मिलिमीटरचे आटे, स्टेनलेस बोल्ट, खाली स्प्रिंग वायसर. आणि दोन बोल्ट जादा करून घ्या.