‘पीसीओडी किट’च्या नावाखाली माझ्या भाचीला कसं लुबाडलं

भाची १९ वर्षांची, नाशिकची. शिकायला पुण्यात, राहायला होस्टेलवर. तिला विचारूनच लिहितेय. त्या बाईंचं नाव देत नाही, कारण अशा बायका गल्लोगल्ली आहेत.

भाचीची पाळी दीड-दोन महिन्यांनी यायची आणि वजन जरा वाढलेलं. कुठल्याशा शिबिरात सोनोग्राफी केली, तर रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’, म्हणजे बीजकोषांत बारीक बारीक पुटकुळ्या. त्यावरून पीसीओडीचा, म्हणजे हॉर्मोन बिघडून पाळी लांबण्याच्या आजाराचा, शिक्का बसला. पोरगी घाबरली. रूममेटने ‘हॉर्मोन कोच’चा नंबर दिला (गिऱ्हाईक आणलं की रूममेटला शेकचा डबा फुकट, हे मागाहून कळलं). रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आणि लगेच व्हॉइस मेसेज आला, “बाळा, हे आत्ताच थांबवलं नाहीस तर पुढे मूल व्हायचं कठीण आहे हं.” एकोणिसाव्या वर्षी! आईला सांगायचीही सोय नाही, इतकं घाबरवून सोडलं.

मग एका फ्लॅटच्या हॉलमध्ये बोलावलं. अनवाणी मशीनवर उभं राहायचं, दोन दांडे हातात धरायचे, की चिठ्ठी येते: शरीराचं वय ४१. ते मशीन अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी जास्त प्यायलं की आकडा हलतो. ‘शरीराचं वय’ हे कंपनीचं गणित, त्यावरून पाळीबद्दल काडीचंही कळत नाही. पण तरण्या मुलीच्या हातात ४१ची चिठ्ठी दिल्यावर ती पैसे काढणारच.

पहिलं किट ६,८०० रुपयांचं. दोन वेळा शेक, हिरव्या कॅप्सूल, ‘डिटॉक्स’ चहा आणि संध्याकाळी वाटीभर सूप. भात, भाकरी, शेंगदाणे बंद. रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. वजन उतरू लागलं तशा टाळ्या, फुलं, “प्राउड ऑफ यू”.

आणि पाळी पार बंद झाली.

खरी लबाडी इथे आहे. पाळी यावी म्हणून पैसे घेतले होते ना? तर ती गेल्यावर कोच म्हणाल्या, “शरीर आतून स्वच्छ होतंय, हे चांगलं लक्षण आहे,” आणि ११,५०० चं ‘अ‍ॅडव्हान्स किट’ गळ्यात मारलं. उपासमार झाली की मेंदू बीजकोषांना जाणारे इशारेच थांबवतो, म्हणून पाळी जाते. हे उपासमारीचं लक्षण होतं, ते प्रगती म्हणून खपवलं.

दिवाळीत घरी आली तेव्हा हात गार, मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके, रात्री छाती धडधडतेय म्हणून उठून बसायची. ताईला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. मी पिशवीतले डबे पाहिले आणि तिला डब्यांसकट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी वजनाआधी विचारलं, “दिवसभरात खातेस काय?” गर्भधारणेची तपासणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, पुरुषी हॉर्मोन, सगळं केलं. त्या म्हणाल्या, पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवायचा नसतो, या वयात बीजकोष तसे दिसतातच. हिची पहिली पाळी तेराव्या वर्षी. चेहऱ्यावर जादा लव नाही, पुरुषी हॉर्मोनही नॉर्मल. पाळी लांबते त्याकडे लक्ष ठेवायला हवं, पण पीसीओडीचा शिक्का चुकीचा. आणि ज्यांना खरंच तो असतो आणि वजनही जास्त असतं, त्यांतल्या बऱ्याच जणींना ५ ते १० टक्के वजन उतरल्यावर फरक पडतो. म्हणजे ७० किलोच्या मुलीला साडेतीन ते सात किलो, तेही पोटभर जेवून, सावकाश.

कॅप्सूल आधी बंद करवल्या. डब्यावर ‘जडीबुटी’ एवढंच, प्रमाण नाही. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं, तरी ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंगच्या गोळ्यांत ते जगभर पुनःपुन्हा सापडलं आहे. शिवाय डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर दाखवून कोच “सरकारमान्य” म्हणायच्या. तो खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना असतो, आजार बरा होतो याचा दाखला नव्हे. उलट मासिक पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. लठ्ठपणाही त्याच कायद्याच्या यादीत आहे.

तेव्हा डबे फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट आणि व्हॉइस मेसेज जपून ठेवा. ग्रुपमधून काढण्याआधीच सेव्ह करा, आम्हाला लगेच काढलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार होते, मालाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे.

पैसे मागितल्यावर कोचनी निरोप पाठवला: आधीचा-नंतरचा फोटो लावून “माझी पाळी नियमित झाली” असा व्हिडिओ दे, निम्मे परत करते. भाचीने तो निरोपही तक्रारीला जोडला.