फ्रेंच की इंग्रजी: पुढची दोन वर्षं कुणाला द्यायची?

‘इंग्रजी तर येतेच, आता फ्रेंच लावू का?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईत क्लासचे प्रवेश सुरू झाले की हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात दोन जागतिक भाषांची शर्यत असते. ती शर्यत कधीच संपली. अठराव्या शतकापासून युरोपातले राजदूत आपसांत फ्रेंच बोलत, १७१४ चा राश्टाटचा तह फ्रेंचमध्येच लिहिला गेला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात मात्र फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही मसुदे सारखेच अधिकृत ठरले आणि फ्रेंचची मक्तेदारी मोडली. तेव्हा मोठी कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. तुम्हाला राहायचंय कुठे आणि कमवायचंय कुठे, एवढंच बघा.

आधी एक कडू गोष्ट. तुम्हाला इंग्रजीत दीड पानाचा नीट ईमेल लिहिता येत नसेल, मुलाखतीत वाक्य अर्ध्यावर सुटत असेल, तर फ्रेंचचा विषय इथेच थांबवा. ते पैसे आणि ती वर्षं इंग्रजीवर खर्च करा. इंग्रजी येते हे सगळीकडे गृहीत धरलं जातं, त्यामुळे ती चांगली असल्याचं कौतुक होत नाही. कच्ची असली तर मात्र अर्ज बाजूला पडतो. फ्रेंचचं उलट आहे. नसली तर बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. असली तर मोजक्या ठिकाणी तुमचं पारडं एकदम जड होतं.

त्या मोजक्या ठिकाणांत सध्या सगळ्यात ठळक कॅनडा. तिथे एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर माणसं निवडण्याच्या पद्धतीत, २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) निघतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण ड्रॉचा कटऑफ ५३० च्या वर होता, त्याच महिन्यातल्या फ्रेंच ड्रॉचा ३३६. वयाची तिशी ओलांडल्यावर दरवर्षी गुण गळायला लागतात, अशा माणसाला ही तफावत काय वाटते ते वेगळं सांगायला नको. अट अशी की ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंच मोजायची पट्टी) ७, म्हणजे ढोबळमानाने युरोपीय पट्टीवरची बी-२ पातळी हवी. शिवाय तेवढी फ्रेंच असून इंग्रजीत किमान सीएलबी (तशीच इंग्रजीची पट्टी) ५ असेल तर ५० जादा गुण. इंग्रजी त्याहून कमी असेल तर २५ च. म्हणजे इथेही इंग्रजी सुटत नाहीच. आणि गंमत बघा, ही वाट क्युबेक या फ्रेंचभाषिक प्रांतासाठी नाहीच. क्युबेक आपली माणसं स्वतः निवडतं. हे ड्रॉ ऑन्टारिओ, मॅनिटोबासारख्या इंग्रजी प्रांतांतली फ्रेंच वस्ती टिकवायला आहेत. मात्र सरकारचं धोरण बदललं की हे गणितही बदलतं, त्यामुळे केवळ या एका सवलतीसाठी नोकरी सोडून फ्रेंच शिकायला बसू नका.

आफ्रिकेचं चित्र जास्त गुंतागुंतीचं. रवांडाने २००८ मध्ये शाळांचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेलं. १९९४ च्या वंशसंहारावरून फ्रान्सशी आलेली कटुता होती, शिवाय सत्तेवर आलेले अनेकजण युगांडात इंग्रजीत वाढलेले. कधीच ब्रिटिश वसाहत नसलेला हा देश २००९ मध्ये राष्ट्रकुलात गेला. २०२२ मध्ये गॅबन आणि टोगोही गेले. अल्जीरियाने त्याच वर्षी प्राथमिक शाळेत इंग्रजी आणली, आणि मालीने २०२३ च्या राज्यघटनेत फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढला. एवढं ऐकून फ्रेंच बुडाली असं वाटेल. पण आबिजान, डाकार किंवा किन्शासात माल विकायला गेलात तर करार, औषधनोंदणीची कागदपत्रं, बँक, कस्टम सगळं फ्रेंचमध्येच चालतं. १७ देशांचा सामाईक व्यापारी कायदा असलेली ओहादा ही संघटनाही मुख्यतः फ्रेंचमध्येच काम करते. पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप सेनेगलच्या भातशेतीसाठी गेले. असल्या निर्यातीच्या धंद्यात असाल तर फ्रेंच जाणणारा इंजिनिअर हा दुर्मीळ प्राणी आहे. माझ्या मते कॅनडापेक्षा हा हिशेब टिकाऊ, फक्त त्याबद्दल क्लासवाले बोलत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्याही त्याच दोन. मान मोठा, जागा थोड्या. आयटीत, संशोधनात, विमानसेवेत मात्र इंग्रजीला पर्याय नाही. पॅरिसमधल्या प्रयोगशाळाही शोधनिबंध इंग्रजीत छापतात.

फ्रान्समध्ये शिकायला जाणाऱ्यांची एक फसगत ठरलेली. मास्टर्स इंग्रजीत मिळतं, पण नोकरी शोधायला बाहेर पडलं की भिंत लागते. २०२६ पासून तिथल्या नागरिकत्वासाठीही बी-२ लागते.

दोन्ही भाषा एकाच जागी बघायच्या तर मॉरिशस. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सभासदाला फ्रेंचमध्ये बोलायची मुभा. शाळेच्या परीक्षा केंब्रिजच्या, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंच, घरात क्रिओल. तिथली मराठी मंडळी यातल्या कुठल्याच भाषेला मोठी-धाकटी न करता हे रोज सांभाळतात.

शिकायला सोपी कोणती? मराठी माणसाला फ्रेंचचे त, द आयतेच येतात, कारण ते आपल्यासारखेच दातांवरचे. तू-तुम्ही हा भेदही ओळखीचा. लिंग दोनच, आपली तर तीन. अडतं ते ऐकण्यात: शब्द एकमेकांना चिकटतात आणि शेवटची अक्षरं गिळली जातात. अकरावी-बारावीत स्कोअरिंग म्हणून घेतलेली फ्रेंच इथे कामाला येत नाही; नव्वद गुण मिळवलेली मुलं कॅफेत ऑर्डर देताना गप्प होतात. शून्यापासून बी-२ पर्यंत अभ्यासाचे सुमारे ६०० तास धरा, म्हणजे नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं.

ठरवलंच तर परीक्षा नीट निवडा. डेल्फ या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीला ते चालत नाही; तिथे टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच लागते, आणि तिचा निकाल इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेसारखाच दोन वर्षांनी बाद होतो. प्रोफाइल भरायच्या बेतात असाल तेव्हाच ती द्या.