टाइल्सच्या फटी साफ करायला वाफ घ्यावी की फिरता ब्रश?

गणपती तोंडावर आले की आमच्या भागात सगळ्यांना अचानक टाइल्सच्या काळ्या फटी दिसायला लागतात, आणि चाकरमानी यायच्या आत घर चकाचक करायचं म्हणून मग तोच प्रश्न, हातात धरायचा स्टीम क्लीनर घ्यावा की लांब दांड्याचा बॅटरीवर फिरणारा ब्रश. आमच्या घरी दोन्ही आहेत, स्टीमर भावाने मुंबईहून आणलेला आणि ब्रश मी घेतलेला. वॉट आणि आरपीएम बॉक्सवर लिहिलेले असतात ते वाचा, मी वापरताना काय होतं तेवढंच सांगतो.

फटी इपॉक्सीने, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या मसाल्याने भरलेल्या असतील तर दोन्हीवर पैसे घालवू नका. इपॉक्सी काही शोषत नाही, साबणाचं पाणी आणि साधा ब्रश पुरतो. खरी डोकेदुखी सिमेंटच्या ग्राउटची, म्हणजे फटीत भरायच्या सिमेंटच्या मसाल्याची, आणि त्याहून जास्त जुन्या व्हाईट सिमेंटची. आमच्या पडवीत आणि स्वयंपाकघरात बारा बाय बाराच्या जुन्या सिरॅमिक टाइल्स आहेत, फटी चांगल्या रुंद, गवंड्याने अंदाजाने भरलेल्या, कुठे खोल कुठे उथळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि अंगणात सगळी तांबडी माती, म्हणजे चार महिने पायाबरोबर काय आत येतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

स्वयंपाकघरात स्टीमर जिंकतो, हे आधीच मान्य करून टाकतो. गॅसच्या खालच्या फरशीवर मासे तळताना उडालेलं तेल फटीत जाऊन चिकट काळं झालेलं असतं, तिथे वाफ मारली की ते सुटून पिवळट पाणी होऊन बाहेर येतं, घासायला जवळजवळ लागतच नाही. फक्त नोझल फटीला टेकवून धरायचं, चार बोटं लांब धरलं तर वाफ पोचेपर्यंत तिची गरमी गेलेली असते. मोरीच्या कोपऱ्यातल्या बुरशीलाही वाफ छान लागू पडते, केमिकल नको असेल, घरात रांगतं पोर असेल तर हा मुद्दा मोठा आहे. शिवाय पाणी कमी लागतं, त्यामुळे श्रावणातल्या दमट हवेतसुद्धा फरशी त्यातल्या त्यात लवकर सुकते. ब्रशने घासलं की बादलीभर पाणी होतं आणि ते वायपरने ओढून, वर कोरडं फडकं मारूनही ओल राहते ती राहतेच.

मग ब्रश का? तर पाण्याच्या टाकीमुळे. हातातल्या स्टीमरची टाकी असते लहान, ती तापायला थांबा, मग जरा वेळ जोरात वाफ येते, मग ती नुसती फुसफुस करायला लागते, की पाणी संपलं. आणि लगेच झाकण उघडून पाणी ओतता येत नाही, कुकरसारखंच आहे, प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय हात लावायचा नाही, म्हणजे बंद करा, राहिलेली वाफ सोडून द्या, थंड व्हायची वाट बघा, भरा, आणि परत तापायची वाट बघा. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यापुरतं हे चालतं, तेवढ्यात एक चहा होतो. पण पडवीत काय होतं, वाफेने माती फुगून वर आलेली असते, ती त्याच वेळी पुसून उचलली तर गेली, नाहीतर आपण स्टीमर थंड व्हायची वाट बघत बसेपर्यंत तोच चिखल सावकाश परत फटीत उतरतो, आणि सिमेंट असतं सच्छिद्र, ते पिऊन घेतं. बरं, हे सगळं एकट्याने करायचं तर एका हातात स्टीमर, दुसऱ्यात फडकं, आणि गुडघ्यावर बसलेलो. आमची ही म्हणाली, याच्यापेक्षा जुना टूथब्रश बरा, निदान तो मधेच थांबत नाही. त्यानंतर पडवीत स्टीमर गेलेला नाही.

फिरत्या ब्रशचं उलट. उभ्याने ओळीने फटी घासत जायचं, दुसऱ्याने मागून वायपर ओढत यायचं, काम अडत नाही. माझ्याकडच्याची पडवी आणि स्वयंपाकघर एका चार्जमध्ये होतात, न्हाणी दुसऱ्या दिवशी. तुमच्याकडे कदाचित कमीजास्त होईल.

त्याचेही नखरे आहेत. सोबत येणारा मोठा गोल ब्रश फटीत शिरतच नाही, तो टाइलच्या अंगावरूनच फिरतो, फटीला तो लहान टोकदारच लावायचा. जोरात दाबलं की मोटर थांबते, म्हणजे हात हलका ठेवायला शिकावं लागतं. आणि तांबडं पाणी उडतं, भिंतीच्या खालच्या हातभर भागावर आणि आपल्या पायांवर, रंग नवा असेल तर भिंतीला जुनं कापड लावून घ्या. शिवाय खारी हवा आहे, समुद्राजवळ राहत असाल तर चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं बूच लावल्याशिवाय ठेवू नका आणि पडवीत टांगू तर अजिबात नका.

लाइटचाही विचार करा. पावसात ती कधी जाईल याचा नेम नाही आणि हजार-पंधराशे वॉटचा स्टीमर घरगुती इन्व्हर्टरवर चालवायचा म्हणजे इन्व्हर्टर गेलाच. ब्रश मात्र इन्व्हर्टरवर आरामात चार्ज होतो.

मातीचा जुना मुरलेला डाग दोन्हीने पूर्ण जात नाही. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा, तो वाफेने विरघळत नाही आणि ब्लीचनेही जात नाही. ऑक्झॅलिक ऍसिड पातळ करून, हातमोजे घालून, आधी कोपऱ्यात करून बघा. बाथरूमवालं कडक ऍसिड मात्र फटींवर ओतू नका, कामाला येणारी माणसं सर्रास ओततात, तेव्हा फरशी पांढरी दिसते कारण वरचं सिमेंटच खाल्लं गेलेलं असतं, आणि वाफाऱ्याने नळ आणि ग्रील गंजतात ते वेगळंच. ब्लीच आणि ऍसिड तर कधीच एकत्र नको, क्लोरीन होतो. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच, तिच्यावर ऍसिडचा थेंबही नको. लाल कोबा असेल तर ओलं फडकं एवढंच, वाफेने आणि कडक ब्रशने त्याची चकाकी जाते. खळ्यातल्या जांभ्याला खराटाच बरा.

तेव्हा फ्लॅट असेल, व्हिट्रिफाइडच्या बारीक फटी असतील आणि त्रास फक्त ओट्याजवळच्या तेलाचा असेल तर स्टीमर घ्या, मी काही म्हणणार नाही. जमिनीलगतचं घर, दारात माती, पाठ जरा दुखरी, तर मला वाटतं ब्रशच बरा पडेल, आणि ओट्याजवळच्या चिकटाला थोडा धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ओता, थोडा वेळ भिजू दे, मग तोच ब्रश फिरवा, निम्म्याहून जास्त काम होतं. फक्त टोकदार ब्रशचे दोरे वापरून फाकतात आणि एकदा फाकले की फटीत जात नाहीत, म्हणून तेवढा सुटा मिळतो का हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या.