तोच कारखाना, तेच कामगार, दोन व्यवस्थापने

आपल्या विभागात वरून हुकूम सोडण्याची पद्धत चालू ठेवावी की निर्णयाचा काही भाग कामगारांकडे सोपवावा, या विचारात असलेल्यांनी कॅलिफोर्नियातील फ्रेमाँटचा मोटार कारखाना अवश्य अभ्यासावा. कारण तिथे इमारत, कामगार संघटना आणि बहुतेक कामगारही तेच राहिले, बदलले ते व्यवस्थापन.

जनरल मोटर्सने १९८२ मध्ये हा कारखाना बंद केला, त्या काळात गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास होती आणि तक्रारअर्जांचे ढीग साचले होते. लाइन, म्हणजे गाड्या जोडत पुढे नेणारी साखळी, थांबता कामा नये, हा तिथला दंडक होता. बोल्ट नीट बसलेला नाही हे दिसत असूनही गाडी पुढे सोडावी लागे आणि दुरुस्ती मागाहून होई. चूक डोळ्यांदेखत पुढे जाऊ देण्याच्या या सक्तीनेच माणसाचे कामातून मन उडते, असे माझे ठाम मत आहे.

१९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने सुरू झाला. कामगार लहान गटांत काम करत. अडचण आली की कामगार लाइनवरची दोरी ओढी, दिवा लागे, धून वाजे आणि गटप्रमुख मदतीला येई. गाडी ठरावीक टप्प्यावर पोहोचेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबे. कामाची वेळ मोजणारे घड्याळही अभियंत्याकडून कामगारांच्याच हाती आले. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर उतरली.

नव्या पद्धतीत काम हलके झाले, असे मात्र समजू नये. पूर्वी मिनिटातले सुमारे ४५ सेकंद हात गुंतलेले असत, ते आता ५७ सेकंदांपर्यंत गेले. तरीही १९९१ च्या सुमारास जवळपास ९० टक्के कामगार समाधानी असल्याचे सांगत होते. १९८८ मध्ये मागणी घटली तेव्हा, कबूल केल्याप्रमाणे, कोणालाही कमी न करता त्यांना प्रशिक्षण आणि इतर कामे देण्यात आली. दोरी निर्धास्तपणे ओढली जाण्यामागे हा पाळलेला शब्द होता, असे मला वाटते.

गटपद्धतीचा बाह्य आराखडा उचलून मात्र भागत नाही. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइस येथील स्वतःच्या कारखान्यात गट बनवले, पण परस्परांवरचा अविश्वास गेला नाही आणि तो कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. म्हणून निर्णय कामगारांकडे सोपवण्याची पद्धत निवडताना, कामगाराने काम थांबवल्यावर त्या तासाचे नुकसान सोसण्याची आपली तयारी आहे का, हे आधी ठरवावे. ती नसेल तर सूचनापेटी आणि मासिक बैठका सुरू करू नयेत. विचारून दुर्लक्ष केल्याने कामगार अधिक दुखावतो.