तीन कुलपांची बचत पेटी: धंदा करणाऱ्या बायकांच्या गटाने घ्यावी का?

बचत गटासाठी पेटीचा पूर्ण सेट मिळतो बघा, लोखंडी पेटी, तीन कुलपं, पासबुकं, रबरी शिक्का, स्टॅम्पपॅड, पैसे मोजायला वाडगे, कापडी पिशव्या, कॅल्क्युलेटर. आमच्या गटात तो वापरात आहे आणि बायकांची छोटी उत्पादक संस्था असेल तर डोळे झाकून घ्या असं मी म्हणेन. अशा पेटीतून बचत करायची ही पद्धत केअर (CARE) या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात सुरू केली, बँक लांब, लिहिता-वाचता येणाऱ्या बायका कमी, अशा गावांसाठी, आणि सेटमधली एकेक वस्तू बघितली की ते लगेच कळतं.

सगळ्यात भारी आहे ते पासबुक. त्यात बचतीचे आकडे लिहायचेच नाहीत, एका शेअरला, म्हणजे बचतीच्या एका ठरलेल्या रकमेला, एक शिक्का. शेअर केवढ्याचा ते गटाने आधीच ठरवायचं, मग दर बैठकीत प्रत्येकीने एक ते पाच शेअर घ्यायचे, जसं जमेल तसं. तिने तीन घेतले तर तीन चौकोनांत शिक्के पडतात आणि उरलेल्या दोनांवर तिथल्या तिथे रेघ मारतात, म्हणजे मागाहून कोणी शिक्का घुसवू शकत नाही. जिला वाचता येत नाही तीसुद्धा बोट ठेवून आपले शिक्के मोजते आणि हिशोब बरोबर आहे का ते स्वतः सांगते.

आणि हे एक ते पाचचं महत्त्व धंदा करणाऱ्या बाईलाच कळेल. जिथे सगळ्यांना सारखाच हप्ता असतो तिथे माल खपला नाही की बाई हप्ता चुकवते, मग दंड, मग लाज वाटते म्हणून बैठकीलाच येत नाही आणि हळूहळू गटातून सुटते. इथे मंदीत एकच शेअर घेतला तरी ती मान वर करून बसते, आणि हंगामात पाच घेते.

तीन किल्ल्या तिघींकडे, आणि पेटी जिच्या घरी तिच्याकडे किल्ली नाही. पेटी उघडते ती फक्त बैठकीत, सगळ्यांसमोर, पैसे मोजणाऱ्या दोघी वाडग्यात मोजून मोठ्याने आकडा सांगतात आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवायचा, पुढच्या वेळी पेटी उघडली की आधी तोच विचारतात. कर्ज साधारण आपल्या बचतीच्या तिप्पटीपर्यंत मिळतं, व्याज गटातच राहतं, आणि वर्षभराने सगळी रक्कम शेअरच्या प्रमाणात वाटली जाते. आजारपण, मयत अशा अडचणीसाठी मदतनिधी असतो, त्याची पिशवी वेगळी.

आता तक्रारी. शिक्क्याची शाई फिकी पडते आणि साधं फूल किंवा चांदणी असेल तर तसा शिक्का कुठेही बनवून मिळतो, तेव्हा वेगळं काहीतरी चित्र करून घ्या. दुसरी तक्रार मोठी आहे, वर्ष संपत आलं की कर्जं परत येतात आणि पेटीत खूप रोकड साठते, त्या काळात जवळ बँक असेल तर गटाच्या खात्यात टाका, पेटीच्या भरवशावर राहू नका. आणि संस्थेचे कच्च्या मालाचे पैसे या पेटीत अजिबात ठेवू नका, "दोन दिवसांसाठी" म्हणूनसुद्धा नाही. धंदा बुडाला तर बायकांची बचत त्यात जाता कामा नये. सेटबरोबरच्या सूचनांत हे ठळक लिहायला हवं होतं, म्हणून पाचपैकी चार.

वाटपाची तारीख मात्र विचार करून धरा ताई. कच्चा माल स्वस्त मिळतो त्याच्या जरा आधीची धरली तर हातात आलेली रक्कम सरळ भांडवलाला लागते, सावकाराकडे जावं लागत नाही, आणि वाटपाच्या दिवशीच पुढच्या वर्षाचे शेअर घ्यायला सुरुवात करता येते.